सरांचा नोंदणी क्रमांक

नसत्या चौकशा करण्याची मला लहानपणापासून खोड आहे. म्हणूनच कराटेच्या राष्ट्रीय संघटनेला आपला इतिहास छापावासा वाटला, तेव्हा नागपूरचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. बँकेतली नोकरी सांभाळून मी बरीच वर्षं नागपुरातल्या सदर भागातल्या क्लासमध्ये शिकतेय, एवढीच माझी पात्रता.

लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. नागपुरातला पहिला ब्लॅक बेल्ट कोणाचा? ज्याला विचारावं तो म्हणे, आपल्या सरांचा. सर दिवसभर कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे हिशेब बघतात आणि संध्याकाळी आम्हाला शिकवतात. त्यांना विचारलं, तर त्यांनी नुसता पट्टा पुढे केला. बांधून बांधून त्याचा काळा रंग झिजला होता, आतलं पांढरं सूत बाहेर आलं होतं. खोदून विचारल्यावर एवढंच कळलं: खूप वर्षांपूर्वी कुठूनसे परीक्षक आले, एका शाळेच्या मैदानात परीक्षा घेतली, आपल्या पिशवीतून पट्टा काढून सरांच्या कमरेला बांधला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

"अन् प्रमाणपत्र?" मी विचारलं.

"पोस्टानं पाठवतो म्हणे. मी काही मांगतलं नाही."

इथे मी थांबायला हवं होतं. पण क्रमांक मिळाला तर लेखाला वजन येईल, म्हणून मी मुख्य कार्यालयाला पत्र टाकलं: सरांचा नोंदणी क्रमांक कळवावा. उत्तर येईपर्यंत इतर माहिती खोदत बसले, आणि खरं सांगते, मजा येत होती. आमची संघटना मध्यंतरी फुटली होती. गट दोन, दोन्ही राष्ट्रीय, दोघांच्या स्पर्धा वेगळ्या. एकाच वर्षी एकाच वजनगटात देशाला दोन अजिंक्यवीर. पुढे समेट झाला, पण जुनी रजिस्टरं कोणाच्या घरी राहिली, ते आजही कोणी सांगत नाही.

मग उत्तर आलं. या नावाची नोंद आढळत नाही. नोंद नसलेल्या प्रशिक्षकाचे विद्यार्थी राष्ट्रीय स्पर्धेत घेता येणार नाहीत. संबंधित प्रशिक्षकाने अगदी पहिल्या परीक्षेपासून सुरुवात करावी; त्या परीक्षेला बसताच नोंद धरली जाईल.

आमच्या क्लासमधली, उमरेडहून एसटीने येणारी एक मुलगी त्या स्पर्धेसाठी निवडली गेली होती. माझ्या एका पत्राने तिची वाट अडली. पत्र घेऊन मी संध्याकाळी क्लासमध्ये सरांकडे गेले.

त्यांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं.

"तुले कोणी सांगतलं होतं वं हे धंदे करायले?"

त्यांनी पत्राची घडी करून मला परत दिली.

"परीक्षा कधी आहे म्हणते?"

"सर, तुम्ही काहून परीक्षा द्यायची? मी लिहिते ना त्यांना पुन्हा."

"तू आता काही लिहू नको. ते पोट्टी घरी रडून राहिली असंन." मग कमरेच्या झिजलेल्या पट्ट्याकडे बघून म्हणाले, "तसाही पांढराच होऊन राहिला होता."

कराटेत रांग पट्ट्याच्या क्रमाने लागते. सर्वांत वरचा उजव्या टोकाला, नवशिके पांढरे पट्टे डाव्या टोकाला. उजव्या टोकाच्या माणसाने 'रेई' असा आवाज द्यायचा, की सगळ्यांनी परीक्षकांपुढे वाकून नमस्कार करायचा. तोवर परीक्षा सुरू होत नाही. मी ब्लॅक बेल्टच्या पुढच्या परीक्षेला बसले होते, त्यामुळे उजवं टोक माझं. रोज सर समोर उभे असत आणि मी त्यांना नमस्कार करायला आवाज देत असे. परीक्षेच्या दिवशी ते रांगेच्या दुसऱ्या टोकाला होते, आठ वर्षांच्या मुलामुलींमध्ये. नवा पांढरा पट्टा इतका कडक की गाठ पोटावर ताठ उभी होती.

परीक्षक माझ्याहूनही लहान वयाचे. ते वाट बघत राहिले. आवाज द्यायचा सोडून मी डाव्या टोकाकडे बघत राहिले. इतकी लाज मला स्वतःची कधी वाटली नव्हती.

डाव्या टोकाकडून ओळखीचा, जरा चिडका स्वर आला. "काहून थांबली वं? पोट्टे ताटकळून राहिले. दे आवाज."

मी आवाज दिला. वाकता वाकता तिरक्या नजरेने तिकडे पाहिलं. सर वाकले होते, आणि एका हाताने शेजारच्या चिमुरडीची पाठ हलकेच खाली दाबत होते, तिने नीट वाकावं म्हणून. माझे डोळे भरून आले, आणि सरळ उभं राहायला मला सगळ्या रांगेपेक्षा उशीर झाला.