तोरणाची तार

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आंब्याचा रस डबाबंद करणारा आमचा कारखाना. तिथल्या यंत्रांची देखभाल माझ्याकडे. मुंबईची नोकरी सोडून मी पूर्णगडला परतले ती बाबांसाठी. आई गेल्यावर ते एकटेच राहत होते.

पण कारखान्यातला एक जोड माझ्या मुळावर उठला होता. थंड पाण्याचा लोखंडी पाईप तांब्याच्या पाईपला मिळतो, तिथे लोखंड सडायचं. असे दोन धातू पाण्यात एकमेकांना भिडले की लोखंडाचा बळी जातो. म्हणून मी मध्ये रबराची चकती घातली, बोल्टांवर प्लास्टिकच्या नळ्या चढवल्या, वॉशरही प्लास्टिकचे लावले. एका घरात राहून अबोला धरलेल्या जावा असतात ना, तसं दोघांना ठेवलं.

तरी वर्षाच्या आत जोड गळला. मालक म्हणाले, आणखी एकदा गळला तर देखभाल मुंबईच्या कंपनीकडे देऊ. म्हणजे मला परत मुंबई गाठणं आलं. घरी जाऊन मी माळ्यावरची बॅग खाली काढली. बाबांनी दारातून पाहिलं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी जोडाच्या दोन्ही बाजूंना, वीज आरपार गेली की वाजणारा मीटर लावला. अबोला खरा असता तर मीटर गप्प राहिला असता. तो किंचाळला. मी चिडून पाईपमागे हात घातला आणि बोटाला काहीतरी टोचलं. काळी पडलेली तांब्याची तार होती, लोखंडी पाईपपासून तांब्याच्या पाईपपर्यंत बांधलेली. तिला झेंडूचं वाळकं देठ चिकटलेलं होतं.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. तोरण बांधण्याचा मान फिटरमामांचा. सुतळी कुजते म्हणून त्यांनी अर्थिंगची उरलेली तार वापरली होती. फुलं गळून गेली, तार राहिली. मी बांधलेला अबोला तिने बाहेरून मोडला होता.

मामांना दाखवलं तर ते हसले. "बाय, फुलानं कदी पाईप खाल्लान काय?"

मी म्हटलं, फुलाने नाही, तारेने. आणि तार कापून मीटर पुन्हा लावला. तो गप्प. मामांनी पाना उचलला. मग आम्ही दोघांनी मिळून लोखंडाचा सडका तुकडा बदलला.

पुढच्या दसऱ्याला मामांनी तोरण सुतळीत ओवलं आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "लाव तुझा मीटर." जोड कोरडा होता, मीटर मुका. मालकांनी पेढा माझ्या हातावर ठेवला आणि मुंबईच्या कंपनीचं नावही काढलं नाही.

घरी आले तेव्हा बॅग अजून कोपऱ्यातच होती. माळ्यावर ठेवावी म्हणून उचलायला गेले तर हलेना. उघडली. बाबांनी आत कुळथाचं बियाणं भरून ठेवलं होतं.

"कधी भरलंत?" मी विचारलं.

"काढलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी," बाबा म्हणाले. "रिकामी दिसली की तू जाशील असं वाटायचं."