हौश्याचा कंडा

जानकूचा हात मोकळा दिसला तर समजायचं, गडी आजारी हाय. आळेफाट्याच्या स्टँडावर नगरची एसटी येईपर्यंत, हाटेलात चहा उकळेपर्यंत, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत त्याच्या हातात सूत कातायची टकळी फिरत असती. बैलाच्या गळ्यात बांधायचा काळ्या लोकरीचा कंडा घ्यावा तर आणे गावच्या जानकूचाच, असं आता घोडेगावपासून ओतूरपर्यंत बोलत्यात. बोलणारे बोलू द्या. जानकू आधी कसा व्हता ते त्यांना ठाऊक नाय.

जानकू एक नंबरचा उतावळा व्हता.

आठवीत शाळा सोडली. बाप सोनबा मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचा, जानकू त्याच्यामागं दोन वर्सं गेला आन् कंटाळला. मग आळेफाट्याला ग्यारेजात लागला. पाना धरायला आला की ग्यारेज सोडलं. मग कॅशेटी भरून द्यायचं दुकान टाकलं, ते सहा म्हयनं. मग गणपती रंगवायला पेणवाल्या एका माणसाच्या हाताखाली गेला, तिथं फक्त डोळं रंगवायचं काम मागायला लागला. तो माणूस म्हणला, "आधी दोन वर्सं सोंड घास." जानकू दुसऱ्या दिवशी घरी.

डोकं मातर चालायचं. फाट्यावर ट्रक लागायचे, त्यांना पुढं गोंडे लटकवलेले असायचे, नायलॉनचे. ऊन लागलं की पांढरे पडायचे. जानकूनं ते बघितलं आन् आपल्या घरची लोकर आठवली. घरात आत्या व्हती, रतनबाई. नवरा वारल्यापासून भावाकडंच राहायची. बसल्या जागी सूत कातायची, चालताना कातायची, भांडताना सुद्धा कातायची. जानकूनं तिच्याकडून सूत घेतलं, चार पदरी गोफ वळला, खाली गोंडे लावले आन् शहाण्णव साली एका सोमवारी बेल्ह्याच्या बैलबाजारात जाऊन उभा राहिला.

दुपारपर्यंत कोणी इचारलं नाय. मग गेणभाऊ आला.

डिंगोऱ्याचा गेणभाऊ म्हंजी बैलाच्या बाबतीत शेवटचा शब्द. खिल्लारी जोडी, चांद्या आन् हौश्या, दोन्ही पांढरीशुभ्र. त्यातला हौश्या त्यानं स्वतःच्या हातानं दूध पाजून वाढवलेला. गेणभाऊ बाजारात ज्या दावणीपुढं थांबला, तिथं गर्दी व्हायची. त्यानं कंडा हातात घेतला, वास घेतला, पीळ उलटा फिरवून बघितला.

"कुनी वळला?"

"मी."

"सूत?"

"आत्याचं."

"मंग निम्मा आत्याचा," गेणभाऊ म्हणला. पर घेतला. आन् शेजारच्याला म्हणला, "ह्या पोराच्या बोटात काय तरी हाय. टिकला तर करील."

जन्मात पयल्यांदा कोणी तरी जानकूबद्दल चांगलं बोललं व्हतं, आन् तेबी चारचौघांत. तो माणूस मग जानकूच्या काळजात जाऊन बसला. गेणभाऊच्या विरोधात कोणी शब्द काढला तर जानकू भांडायला उभा.

पुढच्या वर्सी आखाडात गेणभाऊनं सांगून ठेवलं, "औंदा भादवी पोळ्याला दोन्ही बैलांना नवं कंडे आन् कपाळावरचे गोंडे. दोन म्हयनं हायती तुला."

दोन म्हयनं! जानकूला वाटलं, दोन म्हयन्यांत तर मी जुन्नर तालुका नटवीन. तो गावोगाव सांगत सुटला की गेणभाऊच्या जोडीचं काम माझ्याकडं हाय. त्या जोरावर आणखी वीस जणांचं काम अंगावर घेतलं. सांगायला दिवस पुरायचा नाय, वळायला कुठून पुरणार? पोळा पाच दिवसांवर आला तवा पोत्यात काळी लोकर उरली व्हती ती जेमतेम एका कंड्याची.

मग जानकूनं जुन्नरवरून काळ्या रंगाची पुडी आणली. घरातली पांढरी, आत्यानं कातलेली लोकर पातेल्यात टाकली.

आत्या दारात उभी. "काय चाललंय रं?"

"काळी करतोय."

"काळी लोकर मेंढीच्या अंगावर येती रं बाबा, पातेल्यात न्हवं."

"आत्या, लोकाला कळत बी नाय."

"मंग निदान उकळू तरी दे नीट. अन् तीन पान्यातनं काढ."

"टाइम नाय!"

एक उकळी आली न आली तोवर जानकूनं लोकर काढून पत्र्यावर वाळत टाकली. रात गेली, दिवस गेला, पोळ्याच्या आदल्या सांजेला माल डिंगोऱ्यात पोचला. दिसायला असा झकास की गेणभाऊच्या सुनांनी कौतुक केलं.

पोळ्याची मिरवणूक निघाली. पुढं हलगी, मागं बैलं. मारुतीच्या देवळापाशी भुरभुर आली, फार नाय, टोपी ओली व्हईल इतकी. अन् हौश्याच्या कपाळावरनं काळं पाणी उतरायला लागलं. दोन्ही डोळ्यांतनं दोन वघळ खाली नाकपुडीपर्यंत. गळ्यातल्या कंड्यातनं छातीवर. गेणभाऊ पुसायला गेला तर आणखी पसरलं. पांढरा बैल, चितारल्यागत.

"ओ गेणभाऊ, बैल रडतोय का काय?"

"काजळ लई झालंय राव! सासरी निघालाय जणू!"

सगळी मिरवणूक हसत व्हती. जानकू देवळाच्या कट्ट्यावर उभा व्हता, कौतुक ऐकायला आलेला. गेणभाऊनं एकदाबी त्याच्याकडं बघितलं नाय. त्यानं मिरवणूक अर्धी सोडली, बैल घरी नेले आन् स्वतः धूत बसला.

पुढच्या सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात गेणभाऊनं एक प्लॅस्टिकची पिशवी जानकूच्या हातात दिली. आत सगळा माल.

"गेणभाऊ, मी दुसरं करून देतो. आठ दिवसांत."

"आट दिवस? पुन्यांदा घाईच काढलीस तोंडातनं?" गेणभाऊचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "पुढच्या पोळ्याला आनू नको. त्याच्या पुढच्याला आन. तवा बघीन."

"दोन वर्सं?"

"तुला जास्ती वाटत असंल तर ग्यारेज हाय की फाट्यावर."

बाजारात ही गोष्ट वाऱ्यासारखी फिरली. गेणभाऊनं परत केलेला माल कोण घेणार? वीसातल्या सतरा जणांनी तोंड फिरवलं. पर जानकूला त्याचं काय वाटलं नाय. त्याला एकच वाटत व्हतं. हौश्या तवाच नऊ वर्साचा. दोन वर्सांनी अकराचा व्हणार. बैलानं तग धरला पायजे, आपणबी धरला पायजे, आन् त्या गळ्यात आपला कंडा परत पडला पायजे.

घरी येऊन तो आत्यासमोर बसला. "शिकीव."

आत्यानं टकळी दिली. "ही फिरव. आज फकस्त फिरव."

पयल्या दिवशी सूत शंभरदा तुटलं. दुसऱ्या दिवशी नव्वदबी असंल. तिसऱ्या दिवशी जानकू टकळी टाकून फाट्यावर पळाला, सूरजच्या हाटेलात. सूरज त्याचा ग्यारेजपासूनचा दोस्त. जानकूनं चहा मागितला, सूरजनं आणला. मग जानकूच म्हणला, "थांब. हितनं पुढं असं कर. मी एक गुंडी सूत कातून दाखवल्याबिगर मला चहा देऊ नको."

"अन् तू मागितलास तर?"

"शिव्या घाल."

सूरजला शिव्या घालायला निमित्तच पायजे व्हतं. त्यानं ते काम मनापासून केलं. ट्रकवाले हसायचे, "क्या रे, बुढिया बन गया?" जानकू पयले आठ-पंधरा दिवस तापायचा. मग ऐकू येईना झालं. सकाळी एक गुंडी, मग चहा. दुपारी एक, मग भाकर. सांजच्याला आत्या ती दोन्ही बोटांतनं ओढून बघायची आन् जाडबारीक निघालं की गुपचूप उसवून कातायच्या लोकरीत टाकायची. जानकू म्हणायचा, "आत्या, जरा तरी दया कर." आत्या म्हणायची, "बैलाला इचार."

लोकरीचंबी तसंच. मेंढीची काळी लोकर उन्हानं शेंड्याला तांबूस पडती. खरी काळी म्हंजी काळ्या कोकराचं पयलं जावळ. ते एका कोकराचं मूठभर. आन् कातरणी वर्सातनं दोनदा. त्यात काय घाई करणार? जानकू पठारावरच्या मेंढपाळांच्या एकेका वाड्यावर जायचा, कोणाच्या कळपात काळं कोकरू जन्मलं ते इचारायचा, कातरणीच्या दिवशी कात्री धरायला मदत करायचा आन् बदल्यात जावळ मागायचा. बापाला त्याचं नवल वाटलं. "दोन वर्सं माझ्यामागं मेंढरात रडत हिंडला, अन् आता लोकाची कातरतोय!"

दरम्यान पोटाला म्हणून जानकू साधे गोंडे वळायचा, करड्या लोकरीचे, रंग न लावता. थोडेच. लोकं घ्यायला लागली, हळूहळू.

अठ्ठ्याण्णवचा पोळा गेला. जानकू डिंगोऱ्याला गेला नाय.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात फाट्यावर मंचरचा एक ट्रकमालक आला. पाच नव्या गाड्या निघालेल्या. त्यानं सूरजच्या हाटेलात खुंटीला टांगलेली पिशवी बघितली, आत काळ्या सुताच्या गुंड्या. दोन वर्सांचं जावळ व्हतं ते.

"पावणं, हे सगळं घेतो. पाची गाड्यांचे गोंडे. वीस दिवसांत द्या. पुढं माझ्या भावाच्याबी गाड्या हायेत."

सूरजनं काउंटरमागनं डोळं मोठं केलं.

"करड्याचं देतो," जानकू म्हणला. "दोन म्हयन्यांत."

"मला काळं पायजे. हेच."

"हे बैलाचं हाय."

"कोनाच्या बैलाचं? बैलवाला काय जास्ती देनार हाय का?"

"नाय."

"मंग?"

जानकूनं टकळी फिरवत ठेवली. ट्रकमालक उठून गेला.

सूरज उखडला. "येडा हायेस का रं? तो गेणभाऊ बैलं इकतोय! टॅक्टर घेतोय! अख्ख्या ओतूरला म्हाईत हाय, तुला सोडून!"

टकळी थांबली. दोन वर्सांत सूरजनं ती फिरती असताना थांबलेली पयल्यांदा बघितली.

"हौश्या इकला?"

"मला काय म्हाईत. जोडी इकतोय म्हनत्यात."

जानकूनं उठून डिंगोऱ्याची एसटी पकडावी, असं त्याच्या अंगात आलं. उठलाबी. स्टँडापर्यंत गेला. मग उभ्या उभ्या इचार केला. जाऊन काय करायचं? कंडा तयार नाय. रिकाम्या हातानं जाऊन बैल इकू नका म्हणायचं? तो परत आला, खाली बसला आन् राहिलेली गुंडी पुरी केली. "चहा दे," म्हणला. सूरजनं शिवी घालत चहा दिला.

कंडे वळून झाले तवा पोळ्याला वीस दिवस व्हते. जानकूनं ते उन्हात धरले. एका कंड्यात, मधोमध, एक पदर तांबूस. कोणाच्या तरी मोठ्या मेंढीची लोकर जावळात मिसळलेली. गळ्याखालच्या बाजूला आला असता, कोणाला दिसला नसता. आत्या बाजूलाच बसली व्हती. तिनं तोंड दुसरीकडं केलं. जानकूनं कंडा उलगडला, पार शेवटापर्यंत, आन् परत वळायला घेतला.

पोळ्याच्या सकाळी तो डिंगोऱ्यात पोचला. गेणभाऊच्या अंगणात नवा लाल टॅक्टर उभा. दावणीला एकच बैल.

"चांद्या गेला," गेणभाऊ म्हणला. "ह्याला कुनी मागितलाबी नाय. म्हातारा झाला. मीबी दिला नसता."

जानकूनं पिशवी पुढं केली. गेणभाऊनं कंडे बघितले नायत. तसेच बादलीभर पाण्यात बुडवले, वर पाटा ठेवला, आन् हौश्याला धुवायला ओढ्यावर घेऊन गेला. जानकू वसरीला बसला. सून चहा घेऊन आली, त्यानं नको म्हणलं. टकळी काढली. सून बघतच राहिली.

दुपारच्याला गेणभाऊ आला. पाटा बाजूला केला, बादलीत वाकून बघितलं. मग पंच्याचं पांढरं टोक पाण्यात घातलं, पिळलं, परत बघितलं. ते पाणी तसंच उचलून त्यानं हौश्यापुढं ठेवलं. बैलानं नाक लावलं, फुरफुरला आन् मागं सरला.

"मेंढीचा वास येतोय त्याला," गेणभाऊ म्हणला. "म्हंजी खरी हाय."

कंडे झटकून उन्हात टाकले. सुकल्यावर गेणभाऊनं एक हौश्याच्या गळ्यात बांधला, गाठ दोनदा तपासली. दुसरा हातात धरून उभा राहिला. जोडीदाराची जागा रिकामी व्हती. त्यानं इकडंतिकडं बघितलं आन् जाऊन तो टॅक्टरच्या दोन्ही दिव्यांमधी बांधला.

मिरवणूक निघाली. पुढं म्हातारा हौश्या, मागं टॅक्टर, दोघांच्याबी गळ्यात काळं. औंदा आभाळ कोरडंच व्हतं. पर गेणभाऊनं मारुतीपाशी आल्यावर तांब्या घेतला आन् भर गर्दीत हौश्याच्या मानेवर पाणी ओतलं. सगळे बघत राहिले. पाणी खाली पडलं, पांढऱ्या अंगावरनं, पाण्यासारखंच.

दोघं-तिघं जानकूकडं सरकले. त्यातला एक म्हणला, "भाऊ, माझ्याबी टॅक्टरला पायजे. कधी देनार? धा दिवसांत व्हईल?"

"कोकरं जन्मू द्या," जानकू म्हणला.

"आँ?"

गेणभाऊनं मागं वळून बघितलं. दोन वर्सांत पयल्यांदाच त्यानं आपल्याकडं बघितलं असं जानकूला वाटलं. "थांब जरा तूबी," गेणभाऊ त्या माणसाला म्हणला, "तो सांगंल तवा." आन् हौश्याचा कासरा ओढला.