शिशाचा कच्चा दोरा

गेल्या रविवारी सकाळी सहा वाजता मी रत्नागिरीजवळच्या एका खडकाळ किनाऱ्यावर उभी होते. हातात मासे धरायचा रॉड, पिशवीत स्वतः बांधलेल्या बारा रिग... आणि आठ वाजेपर्यंत प्रचंड संतापले होते. आज चौथा दिवस. राग उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावचं. लहानपणी तलावावर बाबा आणि दादा गरी, म्हणजे गळ, टाकायचे, आणि मी तलावाच्या बांधावर, पाळीवर, गांडुळांचा डबा सांभाळत बसायचे. मुलीच्या हातात गरी द्यायची नाही असं कोणी म्हटलं नव्हतं... फक्त कधी कोणी दिली नाही.

कॉलेजातली मैत्रीण सुनंदा बँकेच्या बदलीने तिकडे समुद्राकाठी गेली. ये एकदा, शेजाऱ्यांचा रॉड मागून ठेवते, म्हणाली. पंचेचाळिसाव्या वर्षी ठरवलं, आयुष्यातला पहिला मासा आपण आपल्या हाताने धरायचा.

मग महिनाभर इथे भंडाऱ्यात, जेवणाच्या टेबलावर रिग बांधायला शिकले. रिग म्हणजे मुख्य दोरीच्या टोकाला लावायची गळाची आणि शिशाच्या वजनाची बांधणी. प्रकार ढीगभर आहेत. दोन-तीन गळांची दिसायला भारी वाटते, पण नवशिक्याने फेकली की हवेतच तिचा गुंता होतो. म्हणून मी सगळ्यात साधी निवडली... बाजूला फूटभर दोऱ्यावर एकच गळ, आणि खाली शिसं.

गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची. नाहीतर तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, घासून तापतो आणि ऐन वेळी तिथेच तुटतो. पहिल्या वीस-पंचवीस गाठी सुटल्याच माझ्या. बोटं कापली. पण जमलं.

खडकाळ किनाऱ्यासाठी एक गोष्ट मात्र मुद्दाम करायची असते. शिसं बांधायचा दोरा बाकीच्यापेक्षा कच्चा घ्यायचा. शिसं कपारीत अडकलं की तो कच्चा दोरा तेवढा तुटतो, शिसं जातं... आणि गळ, आणि गळाला मासा असेल तर मासाही, तुमच्याकडे परत येतो. अशा बारा रिग जुन्या रबरी चपलेच्या तुकड्यांवर गुंडाळून डब्यात ठेवल्या होत्या. खरं सांगते, येता-जाता डबा उघडून बघायचे.

त्या सकाळी पहिली रिग अडकली. ओढली. कच्चा दोरा तुटलाच नाही, वर मुख्य दोरीच तुटली. दुसरीचंही तेच. वाटलं, आपलंच काही चुकतंय.

तिसऱ्या वेळी मासा लागला.

तो ठोका मनगटापर्यंत येतो... टक, टक. सुनंदा मोबाईल घेऊन धावत आली. आणि शिसं अडकलं. मी ओढत राहिले, तिकडे मासा धडपडत राहिला, आणि पुन्हा वरची दोरी तुटली. तोंडात गळ घेऊन तो मासा तिथेच राहिला. खडकाला बांधलेला. मी बांधलेला.

चौथी रिग उजेडात धरून पाहिली. शिशाचा दोरा जाड होता. गाठीच्या टोकाला जळलेला काळा मणी. उदबत्तीने टोक जाळायची सवय आमच्या घरात एकाच माणसाला आहे.

बाबांना फोन लावला. ते आता आमच्याकडेच असतात.

"माझ्या रिगचे दोरे तुम्ही बदलले का?"

"हो ना व बाई. तू जाच्या आदल्या दिवशी बजारात गेली होती त तुहा डबा पाह्यलो. साऱ्या गाठी एक नंबर, पन खालचा दोरा कच्चा. बाराच्या बारा बदलवून देल्लो. आता मगर लागली तरी तुटत नाही."

"मले विचारलं काहून नाही?"

"तुले कायले विचारू? पन्नास वर्षं झाली गरी टाकून राहिलो."

"बाबा, तो दोरा कच्चाच पाहिजे होता." कशासाठी ते सांगितलं.

"जाणूनबुजून कच्चं कोन बांधते व?"

"मी."

फोन ठेवला. खडकावर बसून नेलकटरने त्यांचे नऊ दोरे कापले. सुनंदाच्या पर्समधला शिवणाचा दोरा दुहेरी करून पाच रिगना पुन्हा शिसं बांधलं. तोवर पाणी ओसरत चाललं होतं, आणि संध्याकाळची माझी परतीची गाडी होती.

मासा मिळाला नाही. एकदा शिसं अडकलं, मी ओढलं, आणि कच्चा दोरा अलगद तुटला... गळ परत आला, रिकामा. तेव्हा मला रडू फुटलं.

प्रेमानेच केलं त्यांनी, असं सगळे सांगतात. मलाही ते माहीत आहे. पण मायेने केलं की विचारायची गरज संपते का? बारा गाठी तपासताना त्यांना एकदाही वाटलं नाही, की हा दोरा कच्चा ठेवला असेल तर पोरीने काही विचार केला असेल... राग त्याचा आहे. आणि त्या माशाचं जे झालं त्याचा. डोळे मिटले की तोच दिसतो.

काल संध्याकाळी बाबा टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात शिसं आणि दोऱ्याचं रीळ. म्हणाले, "ते कच्चं कसं बांधते तू, मले दाखव."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला गाठीबद्दल काही विचारलं. याचं मोल मला कळतं. दाखवीन मी.

पण काल नाही दाखवलं. "उद्या," म्हटलं, आणि ते रीळ त्यांच्याच हातात राहू दिलं.