क्लॅरिनेट उकळली त्याची गोष्ट

बँड केव्हाच मोडला. आता मिरवणुकीला गाडीवर दोन भोंगे चढवले की काम भागतं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तालमीची खोली होती, तिथे कुणीतरी गाद्या रचून ठेवल्यात. पण संध्याकाळी खिडकीत बसलं की बँडमास्तरांच्या डोळ्यांपुढे ती खोली अजून उभी राहते: पितळ घासायच्या पावडरचा वास, दारातला चपलांचा ढीग, आणि सगळे एकदम फुंकायला लागले की उठणारा तो गोंगाट. खालचा सायकलवाला त्याला ‘जनावरांचा दवाखाना’ म्हणायचा.

त्या खोलीची एक रीत होती. बाहेर पडण्याआधी प्रत्येक वाद्य मास्तर स्वतः फुंकत, सूर बघत आणि मगच वाजवणाऱ्याच्या हातात देत. ट्रंपेट, क्लॅरिनेट, काही सुटत नसे. मास्तरांनी फुंकलं की वाद्यात जीव येतो, अशी सगळ्यांची समजूत. मास्तरही त्या मानाला सोकावले होते, उगाच खोटं कशाला सांगा.

एका वर्षी त्यांच्या कमरेला नागीण उठली. बरी होता होईना, वजनही उतरत चाललं. दवाखान्यात रक्त तपासलं आणि एचआयव्ही निघाला. कुठून आला हे मास्तरांना कुणी सांगायची गरज नव्हती. हंगामात महिनोन्‌महिने बाहेरगावी मुक्काम असायचे आणि तिथे त्यांचा पाय घसरला होता, एकदा नव्हे. घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातलं पातेलं असं आपटलं की त्याला कायमचा पोचा पडला. दोन दिवसांनी म्हणाली, "उठा. मलाही तपासून घ्यायचंय. आणि नर्सबाईंना मीच विचारणार, तुम्ही नुसते मान खाली घालून बसाल."

तिने खरंच काही विचारायचं बाकी ठेवलं नाही. नर्सबाईंनीही आडपडदा ठेवला नाही. "कंडोमशिवाय संबंध, दूषित रक्त, दुसऱ्याने वापरलेली सुई, आणि आईकडून बाळाला. बाळालाही वाचवता येतं, आईने वेळेवर गोळ्या घेतल्या तर. बाकी एका ताटात जेवा, एका टॉवेलला तोंड पुसा, काही होत नाही."

"म्हणजे यांना एड्स झालाय?"

"नाही. अंगात विषाणू आहे, तो एचआयव्ही. त्याला मोकळा सोडला आणि त्याने अंगातली ताकद पोखरली, की मग एड्स. रोज गोळी घेतली तर ती वेळ येत नाही."

"आणि बाजा?" मास्तरांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"थुंकीतून नाही पसरत हो. सर्दी तेवढी वाटाल सगळ्यांना."

बायकोचं रक्त स्वच्छ निघालं. काही महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही. मास्तरांनी देवाचे आभार मानले, बायकोने नर्सबाईंचे. घरी मात्र तिने सरळ बजावलं, "कंडोम विसरलात तर बाहेरच्या खोलीत झोपायचं."

मग मास्तरांनी तालमीच्या खोलीतही सगळ्यांना स्वतःच्या तोंडाने सांगितलं, नर्सबाईंनी सांगितलेल्या गोष्टींसकट. ढोलवाला तेवढा ‘त्यात काय घाबरायचं’ म्हणाला. त्याला काय, त्याच्या वाद्याला तोंड लावायचंच नव्हतं. क्लॅरिनेट वाजवायचा मास्तरांचा मेहुणा, बायकोचा सख्खा भाऊ. तो क्लॅरिनेट उचलून निघून गेला. त्यानंतर तालमीला कुणी मास्तरांच्या हातात वाद्य देईना. ते भिंतीशी बसून नुसते ऐकत. सूर बिघडलेले कळत, पण उठवत नसे. आजाराने खचला नव्हता एवढा माणूस त्या भिंतीशी खचला.

एका संध्याकाळी मेहुणा घरी आला. हातात फडक्यात बांधलेली क्लॅरिनेट.

"दाजी, उकळली."

"काय उकळलं?"

"हीच. जंतू मरावेत म्हणून. मोठ्या पातेल्यात."

गोंद वितळून चाव्यांखालच्या, भोकं बंद करणाऱ्या बारीक गाद्या गळून पडल्या होत्या. मास्तर ओरडले, "अरे, मला उकळायचं होतंस! तिने तुझं काय घोडं मारलं होतं?"

आधी बायको हसली, मग तिघेही. हसता हसता मेहुण्याचाच आवाज फुटला. "थुंकीची भीती कमी होती हो, दाजी. ताईला काही झालं असतं तर? तुमचं तोंडच बघवत नव्हतं."

"बरोबर आहे तुझं," मास्तर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

गाद्या बसवण्यात काही संध्याकाळी गेल्या. मेहुणा रोज शेजारी बसायचा. शेवटी हवा कुठून सुटते का ते बघायचं राहिलं, आणि ते फुंकल्याशिवाय कळत नाही. मास्तरांनी क्लॅरिनेट त्याच्यापुढे धरली. "तूच बघ. मी नाही लावत तोंड."

"रीत मोडू नका."

"मी जे केलं ते..."

"ते ताईचं ती बघेल. तुम्ही सूर बघा."

मास्तरांनी फुंकलं. हवा कुठूनही सुटत नव्हती. मग त्यांनी क्लॅरिनेट मेहुण्याला दिली. एरवी बँडमधला प्रत्येक जण, अगदी आजाराचं नाव नव्हतं तेव्हाही, मास्तरांच्या हातून वाद्य घेतलं की बाहीला पुसूनच तोंडाला लावायचा. मेहुण्याने पुसली नाही. तशीच ओली ओठांत धरली आणि वाजवायला लागला.

मास्तरांना त्या काळातलं सगळं आठवतं. त्या संध्याकाळी त्याने काय वाजवलं, तेवढं मात्र आठवत नाही. त्यांना ऐकूच आलं नव्हतं, इतके ते रडत होते.