दहा तारांच्या गिटारमधली सही

४ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी साडेअकरा. साकीनाका, आमचं वाद्यदुरुस्तीचं वर्कशॉप. हजर: मी, माझा भागीदार दिलीप, वाकोल्याचे लॉरेन्स सर आणि टेबलावर उताणी ठेवलेली त्यांची दहा तारांची क्लासिकल गिटार.

तपासणीला बसले की मी आधी हजेरी लिहिते. पुढे वाद झाला तर कोण होतं ते आठवत बसावं लागत नाही.

सर एकाहत्तर वर्षांचे, गिटार पन्नाशीची. नेहमीच्या गिटारला सहा तारा असतात, हिला खर्जाच्या चार जादा. तक्रार एकच, सातवी तार झणझणते. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सरांचा कार्यक्रम होता. उजवा हात थरथरायला लागला होता, म्हणून हा शेवटचा, असं त्यांनीच ठरवलं होतं.

"रविवारी वाजेल की नाही, एवढं सांग. लेक्चर नको," ते म्हणाले.

माझी यादी अकरा कलमांची. नेक, म्हणजे गिटारची मान, सरळ. तिच्यावरच्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, झिजलेले, पण चालतील. चौथं कलम वरच्या फळीचं. तारा जिथे बांधतात त्या ब्रिजमागे फळी जराशी फुगतेच, कारण दहा तारा मिळून एखादा माणूस लोंबकळावा तसा ताण देतात. मी स्टीलची पट्टी आडवी ठेवून पाहिली. फुगवटा जरासा नव्हता.

बोटाने टकटक केली. बारीक तारांकडे खणखणीत. खर्जाकडे बद्द.

दिलीपने पलीकडून मान वर केली. हातातली चिंधी खाली ठेवली. त्यानेच मी जास्त घाबरले.

मग दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा आणि दिवा आत घातला. फळीला आतून लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात. ताण त्याच पेलतात. खर्जाकडच्या पट्टीखाली कागदाचा कपटा सरकवला. आरपार गेला. चिकटवलेला सांधा शाबूत होता, शेजारचं लाकूडच सोलून निघालं होतं. सांध्यावर पिवळट चकाकी. एपॉक्सी.

अशा कामाला सरस वापरतात. सरस गरम केला की सांधा उकलतो, म्हणजे पुढच्या कारागिराला दुरुस्ती करता येते. एपॉक्सी हा रासायनिक गोंद, तो सोडत नाही. शेवटी लाकूड फाटतं.

"कोणत्या शहाण्याने केलंय हे?" मी बोलून गेले.

"अंधेरीला जुनं दुकान होतं ना, तिथे टाकली होती. वीसेक वर्षं झाली. का गं?"

अंधेरीच्या त्या दुकानात मी काम शिकले. आमच्यात रीत अशी, की जो गिटार उघडेल त्याने आत पेन्सिलने सही करायची. मी आरसा थोडा कलता केला. आरशात अक्षरं उलटी दिसतात. ही उलटीही ओळखू आली.

मी आरसा बाहेर काढला.

"आधी तारा सैल करू," म्हटलं. दहाही तारा एकदम सोडायच्या नसतात. फळीला झटका बसतो. आळीपाळीने, खुंटीचा अर्धा अर्धा पेच. तिसऱ्या फेरीला आतून 'कट्' असा आवाज आला. सर खुर्चीतून अर्धे उठले. मी खुंटीवरचा हात थांबवला. पुढे काही झालं नाही, पण पुढचा प्रत्येक पेच फिरवताना कान त्या आवाजाकडे होते.

मी दिलीपला पॉलिशच्या खोलीत नेलं आणि सही कोणाची ते सांगितलं.

"मग सांगून टाक गो त्यांना."

"ते माझ्या हातात परत गिटार देतील?"

"नाय देणार. तरी सांग. तुझ्याच्याने नसेल होत तर मी सांगतो."

"गप रे."

मी बाहेर आले आणि सही माझीच असल्याचं सांगितलं. त्या काळी मुंबईच्या दमटपणात सरसाचे सांधे उकलायचे, गिऱ्हाइकं परत यायची. मला वाटलं, असं चिकटवू की पुन्हा सुटायलाच नको. दुकानाच्या मालकांना विचारलं नव्हतं.

सरांनी सैल झालेली सातवी तार बोटाने उचलून सोडली. "माझा हात बिघडला म्हणून तार झणझणते, असं समजत होतो मी. दोन वर्षं. झणझण ऐकू आली की रियाज वाढवायचो."

मी यादीत चौथ्या कलमापुढे 'एपॉक्सी' लिहिलं.

"रविवारी?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण ताणावर नाही. फळी खचेल. एक सूर खाली लावलीत तर कदाचित."

"कदाचित."

"त्याहून जास्त लिहून देणार नाही."

रविवारी त्यांनी एक सूर खाली लावून वाजवली. मी पहिल्या रांगेत होते. काय वाजवलं ते विचाराल तर सांगता येणार नाही. चाळीस मिनिटं मी फक्त ब्रिजकडे बघत होते. सातवी तार झणझणली, फळी टिकली. टाळ्या संपल्यावर सरांनी तारा तिथेच सैल केल्या, आळीपाळीने, आणि गिटार केसमध्ये घालून माझ्या हातात दिली. "तूच उघड. सही खोडू नकोस."

सही करायची रीत चांगली आहे. ती पाळणाऱ्याने जुन्या डायऱ्याही जपून ठेवाव्यात. मी ठेवल्या आहेत. त्या वर्षीच्या डायरीत एपॉक्सी लावलेल्या आणखी चार गिटार निघाल्या. तिघांना फोन केले, दोघांच्या येऊन गेल्या, तिसऱ्याची येत्या आठवड्यात येईल. चौथी बारा स्टीलच्या तारांची आहे, म्हणजे ताण याहून जास्त. डायरीतला नंबर लागत नाही. नावापुढे फक्त 'मुलुंड' लिहिलंय.