नायगावचं नाहीगाव

शैलाताई आज सकाळी गेल्या. मला अजून त्यांचा राग आहे.

सकाळपासून सगळ्यांच्या श्रद्धांजलीच्या पोस्ट वाचतेय. त्यात लिहिलंय ते सगळं खरं आहे.

हेही खरं आहे.

घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले, तेव्हा पहिली नोकरी ताईंनी दिली. क्रांती चौकामागचं दोन खोल्यांचं ऑफिस. दुष्काळात गाव सोडून शहरात आलेल्या बायकांच्या आठवणी वेबसाइटवर टाकायचं काम.

पहिली आठवण माझ्या आईची. मेंढ्या विकून आम्ही शहराकडेच्या पडेगावला आलो, त्याची.

आई बोलत गेली, मी टाइप करत गेले.

"आमचं गाव नायगाव. तिथं पानी नाय. मेंढरं इकली तवा मागं वळून बघितलं नाय."

ऑफिसचा फॉन्ट जुना. मजकूर वेबसाइटवर दिसायचा तर कन्व्हर्टरमधून काढावा लागायचा. त्याची एक कॉन्फिग फाइल होती. डावीकडे आलेला शब्द, उजवीकडे त्याचं काय करायचं ते. आत 'शुद्धलेखना'चे नियम आधीच भरलेले. पानीचं पाणी कर. तिथंचं तिथे कर.

नियमापुढे # टाकला की तो बंद होतो, हे मला ताईंनीच शिकवलं.

"सगळे बंद कर. बाई बोलली तशीच दिसली पाहिजे. कानामात्राही हलवायचा नाही."

एकेका ओळीपुढे # टाकताना वाटलं, यासाठीच शिकले मी.

वेबसाइट सुरू झाली त्या दिवशी आईला मोबाइलवर वाचून दाखवलं.

"आमचं गाव नाहीगाव. तिथे पाणी नाही."

आई खो खो हसली. "नाहीगाव? अगं, गावच नाय करून टाकलं व्हय!"

पुढचं ऐकता ऐकता तिनं मला थांबवलं.

"ही कोन बाई हाय? मी कवा बोलते अशी?"

ऑफिसात जाऊन फाइल उघडली. सगळे # काढलेले, म्हणजे नियम पुन्हा चालू. खाली एक नवा नियम: नाय आलं की नाही कर. त्यानं गावाच्या नावातलं नायही सोडलं नव्हतं.

"अगं, बाहेरच्या पाहुण्यांना आधी दाखवलं, तर कळेना," ताई म्हणाल्या. "अर्थ तोच आहे ना? आणि तू तरी आता कुठं तशी बोलतेस?"

तेही खरं होतं. ताईंना ते माहीत होतं.

त्यांनी दुरुस्ती लगेच केली. नाहीगावचं पुन्हा नायगाव झालं.

तेवढंच.

मूळ टायपिंग ताईंच्या मशीनवर होतं. ते मशीन पुढे फॉरमॅट झालं, सगळं पुसलं गेलं. मी कॉपी ठेवली नव्हती. ताई असताना कशाला ठेवायची?

आईला म्हटलं, परत सांग ना.

"तूच लिव्ह. तुमाला पायजे तसं."

त्यानंतर ती त्या मेंढरांबद्दल एक शब्द बोललेली नाही.

मी नोकरी सोडली. ताई दिवाळीला फोन करायच्या. तब्येत विचारायच्या, आईची चौकशी करायच्या. मी एकाच वाक्याची वाट बघत राहिले. "चुकलं गं माझं."

आज ती वाट बघणं संपलं.

आईला सांगितलं, ताई गेल्या. ती भाकरी थापताना थांबली.

"चांगली बाई व्हती. आपलं बोलनं तेवढं आवडलं नाय तिला."

ताई, एवढं तरी कुठल्या कन्व्हर्टरमधून न काढता लिहिते.

लई राग हाय तुमचा.

याद बी लई येती.

नीट जावा.