म्हातारं व्हायची घाई

माझ्या धाकट्या दिराइतकी म्हातारं व्हायची घाई झालेला माणूस आमच्या जामसंड्यात दुसरा झाला नाही. बायका वय चोरतात, हा वाढवायचा. कारण साधं होतं. देवळात सगळ्यांत वडील पुरुषाला प्रसादाचा पहिला नारळ मिळे, आणि ह्याला तो हवा होता. केस लवकर पिकले, तिथेच त्याचं फावलं. पन्नाशीच्या आत काठी घेतली आणि दर जत्रेला वयात दोन-तीन वर्षं टाकीत गेला. बंदरात पहिली आगबोट लागली तेव्हा आपण धक्क्यावर उभे होतो, असं परक्या माणसाला शपथेवर सांगे. मी आतून ओरडायची, "तेवा तुझ्या आवशीचा लगीन तरी झाला होता काय रे?" तो काठी आपटून म्हणे, "वयनी, मोठ्या माणसाक असा बोलू नये!" मी त्याच्याहून पाच वर्षांनी थोरली. पण गावाने त्याचंच मानलं. खरे म्हातारे एकेक करून गेले आणि साठ सालाच्या सुमारास नारळ ह्याच्या हातात आला. त्या दिवशी तो कमरेत वाकून घरी आला. कंबर ठणठणीत असताना.

पुढल्या वर्षी काजूच्या दिवसांत, बिया वाळत घालताना तो अंगणातच कोसळला. उजवं अंग लुळं, तोंड वाकडं, शुद्ध अर्धी. तालुक्याचे डॉक्टर आले. रक्तदाब पाहिला, मेंदूत रक्तस्राव झालाय म्हणाले, आणि वय विचारलं. माझी जाऊ, त्याची बायको, म्हणाली, "पंचाहत्तर." तिला बिचारीला तेवढंच माहीत. डॉक्टरांनी मान हलवली. "या वयात रक्तस्रावातून माणूस वाचला तरी मागून येतं ते झेपत नाही. छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात, घास श्वासनळीत जातो, भ्रम होतो. उगाच हलवून हाल करू नका."

झालं. आता हा जाणारच, असं घराने धरलं. कूस कोणी बदलेना. येईल तो तुळशीचं पान बुडवून चमचाभर पाणी त्याच्या तोंडात सोडी. प्रत्येक चमच्याला तो ठसके आणि निळा पडे. लोक म्हणत, "जीव खंय तरी अडाकलो आसा." मी दोन दिवस नुसती बघत बसले, हे माझं चुकलंच. खरं वय सांगितलं तर नारळ जाईल, घराचं हसं होईल, हे माझ्याही डोक्यात होतं. तिसऱ्या दिवशी त्याच्या छातीत घरघर लागली, तेव्हा मी जावेच्या हातातला चमचा हिसकावला.

"वयनी, ह्या काय करतास? पुण्य लागता!" ती रडायला लागली.

"पुण्य नाय, पाणी छातीत जाता त्याच्या!"

डॉक्टरांना परत बोलावलं. म्हटलं, "हा अठ्ठावन्नचा आहे."

"कशावरून?"

"मी त्रेसष्टची. बाराव्या वर्षी लग्न होऊन आले तेव्हा ह्याचे दुधाचे दात पडत होते. पहिला दात कौलांवर मीच फेकलाय."

डॉक्टर माझ्यावर भडकले, आणि बरोबरच होतं. "वय कमी म्हणून धोका टळला नाही. पण हे शरीर झुंजेल. तोंडाने थेंबही देऊ नका, मी नाकातून नळी घालतो. दर दोन तासांनी कूस बदला, पाठ थोपटा, डोकं उंच ठेवा."

आठ दिवस तापाने तो फणफणला होता. कुणाला ओळखीना, मला मात्र अचूक शिव्या देई. मी त्याच्या छातीला कान लावून घरघर कुठवर आली ते ऐकत राही. नवव्या दिवशी ताप उतरला. नळी काढल्यावर डॉक्टरांसमोर मी दाट पेजेचा एक चमचा भरवला. कंठमणी वर गेला, तिथेच थांबला, मग खाली आला. ठसका नाही. मी दुसरा चमचा भरला.

पाय ओढत सहा वर्षं जगला. नारळ दुसऱ्याकडे गेला म्हणून महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मला चालायचं. मग झोपेतच गेला, धाकटा असून माझ्याआधी. अजून घरात कोणी घास अडकून खोकलं की मी जेवणावरून उठते, त्याच्या खोलीच्या दारापर्यंत जाते, आणि तिथून परत येते.